संमतीचे ऋण

नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास एक दोष हळूहळू जडतो. ज्या प्रश्नांवर तो वर्षानुवर्षे वर्गात व्याख्याने देतो, तेच प्रश्न त्याच्या स्वतःच्या दारात येऊन उभे राहिले म्हणजे त्यांची ओळख त्यास पटत नाही. आमच्या बाबतीत असे नुकतेच घडले. आणि त्या घटनेची हकीकत सांगितल्यावाचून प्रस्तुत विषयास हात घालणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हदगाव हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन व हळद यांवर जगणाऱ्या ज्या घरांतून आमचे विद्यार्थी येतात, त्यांपैकी पुष्कळ घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारी मुलगी ही पहिलीच असते. अशा मुलींच्या एका वर्गाकडे गेल्या पावसाळ्यात एका विद्यापीठाचा तरुण संशोधक आला. तरुण स्त्रियांतील रक्तक्षय हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. प्रत्येकीचे थोडे रक्त घ्यावयाचे आणि आहार, आजार व मासिक धर्म यांविषयी काही प्रश्न विचारावयाचे, एवढेच काम. विषय उपयुक्त, मनुष्य सभ्य, हेतू निर्मळ. त्याने आम्हांस विनंती केली की, संमतीपत्रांवर सह्या घेण्याच्या कामी आपण थोडे साहाय्य करावे. मुली आपला शब्द मानतात. आम्ही वर्गात गेलो, “हे चांगले काम आहे, सर्वांनी सही करावी,” असे सांगितले, आणि हजेरी घेण्यास लागतो तेवढ्या वेळात बेचाळीस सह्या गोळा केल्या.

शेवटच्या बाकावरील एक मुलगी मात्र मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, “सर, नाही म्हणलं तर चालतंय का?” वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो व म्हणालो, “अगं, तुझ्या भल्याचंच आहे. कर सही.” तिने सही केली.

त्या रात्री तो गठ्ठा संशोधकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी सहज म्हणून आम्ही त्यातील एक कागद वाचावयास घेतला. पहिले चार परिच्छेद आम्हांस अपेक्षित होते तसेच होते. पाचव्यात असे लिहिले होते की, तपासणीनंतर उरलेले रक्त भावी संशोधनासाठी जतन करण्यात येईल व आवश्यकतेनुसार अन्य संस्थांसही देण्यात येईल. ही अट चांगली की वाईट, हा प्रश्न वेगळा. ती तेथे आहे हे बेचाळीस मुलींपैकी एकीसही ठाऊक नव्हते, आणि ज्याच्या शब्दावर त्यांनी सह्या केल्या त्या आम्हांसही ठाऊक नव्हते. त्याहूनही अधिक टोचली ती दुसरी गोष्ट. त्या मुलीने आम्हांस विचारले होते की, नाही म्हणता येते काय; आणि आम्ही उत्तर दिले होते की, होय म्हणणे हिताचे आहे. तर्कशास्त्राच्या परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने एका प्रश्नाखाली दुसऱ्याचे उत्तर लिहिले असते, तर आम्ही त्यास शून्य गुण दिले असते.

तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यातून जात नाही. सही म्हणजे संमती काय? आणि संमती मिळाली म्हणजे ती घेणाराचे कर्तव्य संपले काय? वैद्यकशास्त्राची प्रगती माणसांवर प्रयोग केल्यावाचून होत नाही, हे कोणीही सुशिक्षित मनुष्य नाकारणार नाही. आपल्या मुलांस ज्या लसी टोचतात, आपण जी औषधे घेतो, त्या प्रत्येकीमागे कोणा अनोळखी माणसाने आपला देह पुढे केलेला असतो. प्रश्न एवढाच की, त्याने तो पुढे केला, की कोणी त्यास हाताला धरून पुढे आणला?

आमच्या मुलखात सही व अंगठा यांचा इतिहास सुखाचा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो पुणे व नगर या दोन जिल्ह्यांत पसरला. त्या उठावात लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. तो त्यांच्या कागदांवर होता. कर्जरोखे काढून घ्यावे आणि जाळावे, हा त्याचा क्रम. ज्या कागदांवर शेतकऱ्याने आपल्याच हाताने अंगठा उठविला होता, तोच कागद त्यास आगीत टाकण्याजोगा का वाटला? कारण त्या अंगठ्यामागे समजूत नव्हती आणि नकाराची सोयही नव्हती. बियाणे पाहिजे, सारा भरावयाचा आहे, आणि गावात सावकार एकच. इंग्रज सरकारनेही पुढे ही गोष्ट मान्य केली. १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीच्या कायद्याने न्यायाधीशास असा अधिकार दिला की, त्याने रोख्यावरील सहीपाशी न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जाऊन चौकशी करावी. आणि शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावेत अशी व्यवस्था केली. निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या मराठवाड्यास तो कायदा लागू नव्हता. परंतु कागद व अंगठा यांचा अनुभव इकडेही निराळा नव्हता. सही ही संमती नव्हे, फार तर ती संमतीचा पुरावा होऊ शकते, आणि तो पुरावा तपासून घ्यावा लागतो, हे तत्त्व आपल्याकडे अशा रीतीने कर्जाच्या कागदावरून शिकले गेले.

संमती या शब्दाचाच वाद महाराष्ट्रात त्यानंतर थोड्याच वर्षांनी पेटला. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षी लावून देण्यात आले होते. मोठ्या झाल्यावर त्यांनी दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले, आणि १८८४ साली तो वाद मुंबईच्या न्यायालयात गेला. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंचा पक्ष उचलून धरला. परंतु १८८७ साली नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम झाला, आणि आपण तुरुंग पत्करू असे रखमाबाईंनी कळविले. पुढे १८८८ साली पैसे देऊन तो वाद मिटला, १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाचे वय बारावर आले, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. त्या वादात धर्म, शास्त्र, सरकारचा हस्तक्षेप अशा अनेक गोष्टींचा धुरळा उडाला. तो खाली बसल्यावर आज एकच गोष्ट स्पष्ट दिसते. जिच्या नकारास तुरुंगाची शिक्षा आहे, तिच्या होकारास काही किंमत उरत नाही. होकाराचे मोल नकाराच्या मुभेवरून ठरते. ज्या देशात ही गोष्ट एका तरुण स्त्रीने भर न्यायालयात मांडली, त्या देशातील प्राध्यापकाने वर्गात एका मुलीच्या तशाच प्रश्नावर हसावे, याची आम्हांस लाज वाटते.

आता वैद्यकाकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतरचे वर्ष महाराष्ट्र विसरलेला नाही. पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत शिरले, माणसे ओढून नेली, देव्हाऱ्यापर्यंत बुटांनिशी गेले. आणि जून १८९७ मध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तेथे संमतीचा प्रश्नच कोणी विचारला नाही. त्याच वर्षी मुंबईत दुसरा एक मनुष्य काम करीत होता. वाल्देमार हाफकिन याने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला, तेव्हा तेथील कैद्यांपैकी जे स्वेच्छेने पुढे आले त्यांस ती टोचण्यात आली. न टोचलेल्यांहून टोचलेल्यांचे रक्षण अधिक झाले, आणि लसीचा गुण सिद्ध होण्यास त्या तुरुंगातील आकडे कारणीभूत झाले.

रँडचे शिपाई आणि हाफकिन यांतील अंतर जमीन-अस्मानाचे आहे, हे सांगावयास नको. एकाने विचारले, दुसऱ्यांनी विचारले नाही. शिवाय जो दुसऱ्याच्या देहावर प्रयोग करणार आहे त्याने तो आधी स्वतःच्या देहावर करावा, याहून मोठी नैतिक सचोटी कोणती? तरीही आम्हांस थोडे थांबून विचारावेसे वाटते की, तुरुंगातल्या मनुष्याची स्वेच्छा म्हणजे काय? दार बाहेरून बंद आहे, आत रोग शिरला आहे, आणि पहारेकऱ्याच्या साहेबाबरोबर आलेला डॉक्टर ‘कोण पुढे येतो’ म्हणून विचारीत आहे. कैद्याने होय म्हटले ते लसीवरील विश्वासाने, मरणाच्या भीतीने, की साहेबाच्या मर्जीखातर, हे त्यास तरी सांगता आले असते काय? आम्ही हाफकिनला दोष देत नाही. त्या प्रसंगी त्याने केले त्याहून अधिक चांगले काय करता आले असते, हे आम्हांस दिसत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, बळजबरी नाही एवढ्यावरून स्वातंत्र्य आहे असे सिद्ध होत नाही. भायखळ्याचा तुरुंग आणि हदगावचा वर्ग यांत अंतर पुष्कळ आहे. पण परीक्षेचे गुण ज्याच्या हाती आहेत तो मनुष्य दारात उभा राहिला, म्हणजे दार थोडे तरी बंद झालेच.

विसाव्या शतकात या प्रश्नास कायद्याचे व संहितेचे रूप आले. नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालात, १९४७ साली, न्यूरेंबर्ग येथे स्वेच्छासंमती ही मनुष्यावरील प्रयोगाची पहिली अट म्हणून सांगण्यात आली. १९६४ साली हेलसिंकी येथे जगातील वैद्यांच्या संघटनेने आपले जाहीरनामे केले. आपल्या देशातही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नियम घालून दिले असून २०१७ साली त्यांची नवी आवृत्ती निघाली. अभ्यास कशाचा, त्यात धोका कोणता, लाभ कोणाचा, मध्येच सोडून जाता येईल काय, हे सर्व सहभागी होणारास त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, हे आता वादातीत आहे. वाचकांस वाटेल की, मग प्रश्न उरला कोठे? तो कोठे उरला, हे दाखविण्यासाठी आम्हांस आमच्या मराठवाड्यातीलच एक उदाहरण घ्यावयाचे आहे.

लातूरला लागून असलेला उस्मानाबाद जिल्हा, ज्यास आता धाराशिव म्हणतात, तेथे १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो हाती घेतला. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आमच्या खेड्यांतील स्त्रियांचा मोठा वैरी. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो, लवकर सापडला तर बरा होतो, आणि आमच्या बायका तो अंगावर काढीत असल्यामुळे बहुधा उशिराच सापडतो. एकदाच तपासणी केली तर मृत्यू किती टळतात, आणि कोणत्या तपासणीने टळतात, हे ठरवावयाचे होते. जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडण्यात आले. त्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. तेरा-तेरा गटांचे चार भाग झाले. एका भागात एच. पी. व्ही. या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्या भागास प्रचलित व्यवस्थेवर सोपविणे, अशी योजना होती. कोणते गाव कोणत्या भागात जावयाचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोपविले गेले. कारण तसे केल्यावाचून तुलना निःपक्षपाती होत नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांत ६४ झाले. पहिल्या भागात सापडलेल्या १२७ रुग्णांपैकी ३९ जणींचा रोग पुढे गेलेला होता; चौथ्या भागातील ११८ पैकी ८२ जणींचा. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही. म्हणजे आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी मरण जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, ही गोष्ट उस्मानाबादच्या खेड्यांनी जगास शिकविली. आज जागतिक आरोग्य संघटना या तपासणीस अग्रस्थान देते, त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत आमच्या या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

परंतु पुढे वाद निघाला. एरिक सुबा या अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञाने २०१४ साली भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात असा आक्षेप घेतला की, मुंबई, उस्मानाबाद व तमिळनाडूतील दिंडीगल येथील तीन अभ्यासांत तपासणीवाचून ठेवलेल्या गटांतील २५४ स्त्रिया मृत्यू पावल्या; तपासणीने मरण टळते हे अन्य देशांच्या अनुभवाने ठाऊक असता त्यांस तपासणीवाचून का ठेविले? संशोधकांच्या बाजूचे म्हणणेही विचारात घेण्याजोगे आहे. पाश्चात्त्य देशांची पद्धत आमच्या खेड्यांत चालेल की नाही, हे ठाऊक नव्हते. ती चालली नाही, हे निष्कर्षावरूनच दिसले. देशात अशी तपासणी कोणी करीतच नव्हते. तेव्हा चौथ्या भागातील स्त्रियांच्या हातचे काही काढून घेतले असे म्हणता येत नाही. अभ्यास झाला नसता तर त्या बायका तशाच मरण पावल्या असत्या, आणि वर जगास ज्ञानही मिळाले नसते.

हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि जे लोक तो करितात ते निर्दय नाहीत. त्यांनी आपले आयुष्य या रोगाशी झगडण्यात घालविले आहे. तरी त्यात एक गोष्ट सुटते, असे आमचे नम्र मत आहे. चौथ्या भागातील एखादी स्त्री डोळ्यांपुढे आणावी. चाळिशीची, चार लेकरांची आई, रोजाने शेतात जाणारी. तिची संमती घेतली, असे समजू. ती कशास संमती देत आहे? होय म्हटले तरी तिची तपासणी होणार नाही, नाही म्हटले तरी होणार नाही. गावाची चिठ्ठी आधीच निघालेली आहे. ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी नेतात, त्या प्रश्नाच्या उत्तरास संमती म्हणणे भाषेचा अपमान करण्यासारखे आहे. भायखळ्याच्या कैद्यास नकारात रोगाची भीती होती. आमच्या विद्यार्थिनीस नकारात मास्तरांच्या रागाची भीती होती. या स्त्रीस नकाराचा काही अर्थच नव्हता.

येथे काही सुशिक्षित लोक म्हणतात की, अशा अडाणी बायकांस ही शास्त्रीय विभागणी काय समजणार? आमचा अनुभव उलट आहे. चिठ्ठी म्हणजे काय, हे आमच्या खेड्यांतील प्रत्येक बाईस समजते. भिशीत चिठ्ठी निघते, वाटणीत चिठ्ठी टाकतात. “बाई, गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या गावाला तपासणी मिळणार, तुमच्या गावाला मिळणार नाही. दोन्हींकडं किती बाया दगावतात, ते आम्ही आठ वर्षं मोजणार.” हे तिला एका क्षणात समजेल. किंबहुना ते तिला इतके चांगले समजेल की, सांगणाराच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडणे कठीण होईल. संमतीपत्रांची भाषा दुर्बोध का असते, याचे आम्हांस सुचणारे एक कारण हेच. ऐकणाराच्या अज्ञानाची सबब पुढे करून सांगणारा आपला संकोच झाकीत असतो.

दुसरा एक आक्षेप अधिक खोल आहे. ते म्हणतात, आपला समाज व्यक्तींचा नाही, कुटुंबांचा आहे. येथे बाई एकटी निर्णय घेत नाही, नवरा, सासू, गावचा सरपंच यांना विचारल्यावर संमतीचे काम होते. आम्ही स्वतः कुटुंबात वाढलो आहो, आणि घरी विचारून येते म्हणणाऱ्या मुलीस परावलंबी म्हणण्याची आमची तयारी नाही. सल्ला घेणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. पण सल्ला देणाराने तिच्या जागी सही करणे ही वेगळी गोष्ट होय. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात एका लसीच्या अभ्यासात वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या, आणि २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ते वाचताना आम्ही मान हलविली होती. आमच्या वर्गात आम्ही सही स्वतः केली नाही, एवढाच काय तो फरक.

मग करावे काय? संशोधन बंद करावे, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे हा त्या उस्मानाबादच्या स्त्रियांचाच अवमान होईल. जेथे मनुष्य पूर्णपणे मोकळा आहे अशी जागा या देशात शोधू लागलो, तर कोणासच काही विचारता येणार नाही. गरज, भीड, भीती यांतून सर्वस्वी सुटलेला होकार आपल्यापैकी कोणी आयुष्यात कितीदा दिला आहे? आमचे म्हणणे वेगळे आहे. संमतीपत्राकडे आपण उलट्या बाजूने पाहत आलो आहो. आपण समजतो की, समोरच्याने सही केली म्हणजे आपण सुटलो. सावकाराच्या रोख्याची सवय आपल्या हाडीमांसी इतकी खिळली आहे की, कागदावर ज्याची सही तो ऋणको, आणि कागद ज्याच्या पेटीत तो धनको, असेच आपणांस वाटते. या कागदाचा न्याय नेमका उलटा आहे. येथे सही करणारा देतो, आणि कागद ठेवणारा घेतो. रक्त देते ती मुलगी धनको आहे. नेतो तो संशोधक ऋणको आहे. संमतीने कर्तव्य फिटत नाही, तिच्यामुळे ते लागू होते.

एकदा असे पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतात. ज्याच्याकडून कर्ज मागावयाचे, त्यास ते कशासाठी पाहिजे, हे आपण त्याला समजेल अशा भाषेत सांगतो. तो नाही म्हणाला तर त्यावर रागावत नाही. त्याच्या मालकास मध्ये घालून त्याच्यावर दडपण आणीत नाही. निदान आणू नये, हे आपणांस कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण ते परत करतो. भायखळ्याच्या कैद्यास, उस्मानाबादच्या बाईस, आमच्या विद्यार्थिनीस परत काय मिळावे? तुमच्या रक्तात काय आढळले, हे तिला तरी आधी कळावे. जो दोष आढळला त्यावर उपचार व्हावा. तुमच्या मरणातून जे शिकलो ते तुमच्या लेकीसुनांच्या उपयोगी पडावे. एवढ्यासाठी फार मोठी संहिता लागत नाही.

या शेवटच्या कसोटीवर आपला समाज कोठे उभा आहे, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. २०१६ साली सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी तपासणीचा कार्यक्रम आखला, आणि त्यात खर्चाने सोपी म्हणून ॲसिटिक आम्लाची पद्धत घेतली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शेकडा दोनही नाहीत. उस्मानाबादच्या चौथ्या भागातील स्त्रियांनी जे ज्ञान आपल्या प्राणांची किंमत देऊन जगास दिले, ते त्यांच्या घरापर्यंत अद्याप पोहोचलेले नाही. हे ऋण एकट्या संशोधकांचे नाही. ज्ञान मिळाल्यावर ते खेड्यापर्यंत नेण्याचे काम सरकारचे, वैद्यांचे आणि आपल्यासारख्या शिकलेल्या घरांचेही आहे. ज्या तपासणीची माहिती आपल्या घरातल्या स्त्रियांस आहे, ती आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईस आहे काय, एवढे तरी वाचकांनी विचारून पाहावे.

आमच्या वर्गाची हकीकत पुरी करून हा लेख संपवितो. दुसऱ्या दिवशी आम्ही संशोधकाकडे जाऊन आदल्या दिवशीच्या सह्या ग्राह्य धरू नयेत असे सांगितले. त्यास वाईट वाटले. त्याचे काम लांबणार होते. पण तो समंजस होता. त्याने वर्गात येऊन पाचव्या परिच्छेदासह सर्व काही साध्या मराठीत सांगितले, तपासणीचा निकाल प्रत्येकीस स्वतंत्रपणे कळविण्याचे कबूल केले, आणि सह्या घेताना आम्ही वर्गाबाहेर थांबलो. कोणी सही केली, कोणी नाही, हे आम्हांस कळणार नाही, असेही आम्ही मुलींस सांगितले होते. या वेळी एकतीस कागद भरून आले.

त्या मुलीचा कागद त्यांत होता की नव्हता, हे आम्हांस ठाऊक नाही. मात्र वर्गाबाहेर जाण्यापूर्वी आम्ही तिच्या बाकापाशी गेलो आणि म्हणालो, “काल तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. नाही म्हटलं तर चालतं.” ती उभी राहिली, मान खाली घालून “बरं, सर,” एवढेच म्हणाली, आणि पुन्हा बसून कागद वाचू लागली.